कोरी सोडलेली जागा

मला आयुष्यात सगळ्यात जास्त दिलं ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या ड्रॉइंगच्या गुरुजींनी. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना चालत नसे. शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिकेतूनसुद्धा ते खोडायला लावायचे. गावात सगळे त्यांना नुसतं गुरुजी म्हणत. मीही तेच म्हणतो.

चौथीत असताना त्यांनी आम्हांला सांगितलं, "घरापासून शाळेपर्यंतची वाट काढून आणा." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाट्या पुढे केल्या. बहुतेकांची वाट सरळ होती, एखाददुसरं वळण. माझी वाट पाटीच्या एका कडेनं निघून तिन्ही कडांना शिवून आली होती. आमची वस्ती ओढ्यापलीकडे, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधून सरळ रस्ता होता, पण तो देवळासमोरून जायचा आणि आमच्या वस्तीतल्या माणसांनी तिथून जायचं नसे. म्हणून मी ओढ्याच्या काठानं, जिनिंगच्या मागून, कबरस्तानाला वळसा घालून यायचो. तेच काढलं होतं.

"हा शाळेत येतो का बाजार करत येतो?" मागून एकजण म्हणाला. वर्ग हसला.

गुरुजींनी सदऱ्याच्या शिलाईतून सुटलेला दोरा तोडला. तो माझ्या वाटेवर वळणावळणानं लावला, मग दुसऱ्याच्या वाटेवर, मग तिसऱ्याच्या. "याची वाट तुमच्या तिप्पट आहे," ते म्हणाले, "आणि घंटेच्या आधी रोज हाच येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जी चालावी लागते ती वाट काढायची. जी असायला पाहिजे ती नाही. बरोबर काढलीस."

माझ्या कुठल्याही गोष्टीला 'बरोबर' म्हणणारे ते पहिले.

पुढे त्यांनीच माझ्यासाठी वसतिगृहाला अर्ज लिहिला, स्टेशनवर सोडायला आले आणि स्वतःची कंपासपेटी माझ्या हातात दिली. मी हैदराबादला आलो, उर्दूतून गणित शिकलो, पदवी घेतली. आमच्या घरात माझ्या आधी सगळ्यांचे अंगठेच होते. कागदावर सही करणारा मी पहिला. हे मी अभिमानानं सांगत नाही. पुढची गोष्ट सहीची आहे, म्हणून सांगतो.

मला नामपल्लीला शहर-सुधारणेच्या एका कचेरीत नक्शानवीसाची नोकरी लागली. गल्ल्या मोजायच्या, फळ्यावर कागद ताणून त्या काढायच्या, मग मेणकापडावर काळ्या शाईनं पक्की प्रत करायची. खालच्या कोपऱ्यात चौकट असे. त्यात 'मोजणी' पुढं एक सही, 'नकाशा' पुढं एक सही, मग साहेबांची. पहिल्या दोन्ही माझ्याच. पहिल्या वर्षी मी त्या सह्या घरी पाटीवर गिरवून बघायचो, चांगल्या याव्यात म्हणून.

आमच्या कामाची एक रीत होती. जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, घेऊन आम्ही मोहल्ल्यात शिरलो की आमचा जरीबवाला पुढं जाऊन ओरडायचा, "पर्दा कर लेव, अम्मा! सरकारी लोगां आरें!" खिडक्या लागायच्या, बायका आत जायच्या. आम्ही घरांच्या पुढच्या भिंती मोजायचो, शक्य झालं तर मागची भिंत एखाद्या गच्चीवरून नजरेनं पकडायचो. आत पाऊल टाकायचं नाही. ही अदब होती आणि मला ती आवडायची. जिथं जाता आलं नाही तिथं खोटं काही भरायचं नाही, कागद कोरा सोडायचा, असा नियम होता. तोही मला आवडायचा. मला वाटायचं, गुरुजींना हे पटलं असतं.

ती सगळी राज्य मोडायची वर्षं होती. भाषावार प्रांत ठरले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. कानडी कारकून कानडीकडे, मराठी मराठीकडे, तेलुगू इथंच. कचेरीत रोज कोणाचं तरी कपाट रिकामं होत होतं. आम्हांला पसंतीचा कागद भरायला दिला होता. मी मुंबई राज्य लिहिलं. गुरुजींचं पत्र आलं होतं: 'आता आपल्या भागाला आपली माणसं लागतील. तू ये. ओढ्यावर पूल व्हायचा आहे.' त्या ओळीनंतर दुसरं काही लिहायची माझी छाती नव्हती.

त्याच उन्हाळ्यात मी जामबागेच्या बाजूची एक गल्ली मोजली होती. पाच घरं एकाला एक लागून, मागं उंच भिंत, मध्ये काय आहे ते दिसलं नाही. रीतीप्रमाणे मी ती जागा कोरी सोडली आणि सही केली.

पावसाळा संपता संपता एक दिवस कचेरीच्या पोर्चमध्ये पडदा लावलेली सायकलरिक्षा येऊन थांबली. आतून आवाज आला, "वो नक्शेवाला कौन है? उसकू बुलाव."

मी बाहेर गेलो. काळ्या बुरख्यातल्या एक वयस्क बाई, हातात सरकारी नोटीस. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. त्यांच्या घरामागच्या 'खुल्या जागेतून' नवा रस्ता जाणार असल्याची ती नोटीस होती. सोबत माझ्या नकाशाचा तुकडा. माझ्या कोऱ्या जागेतून वरच्या कचेरीनं लाल शाईनं दोन रेघा ओढल्या होत्या. सरळ, सुंदर रेघा.

"तूच आया था ना जरीब लेके? मैंने पर्दे के पीछे से चाय भेजी थी."

"हौ, अम्मा."

"फिर मैं किधर बैठके भेजी? हवा में?"

पोर्चमधला चपराशी हसला, तशी त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तू नक्को हस. तेरा घर भी किसी के कागज पो कोरा होगा."

मग त्यांनी रिक्षात बसल्याबसल्या सांगितलं. पाचही घरांच्या अंगणांना जोडणारी छोटी दारं आहेत, प्रत्येक भिंतीत एक. खिडकी म्हणतात तिला, पण वाकून माणूस जातं. त्या दारांनी बायका या घरातून त्या घरात जातात, रस्त्यावर पाऊल न टाकता. तिसऱ्या घरात विहीर. चौथ्यात चिंचेची सावली, तिथं दुपारी सगळ्या शिवायला बसतात. शेवटच्या घरात दाई. मुली पहिल्या घरातून शिरतात आणि शेवटच्या घरातून शाळेच्या फाटकासमोर निघतात. तीन घरं मुसलमानांची, एक तेलुगू लोकांचं, एक आपल्याकडच्या मराठी विधवा शिंपिणीचं. "रास्ता हुआ तो," त्या नातीबद्दल म्हणाल्या, "मेरी नवासी की पढ़ाई उसी दिन बंद. उसका बाप मोटारों में से भेजने वाला नहीं."

मी म्हणालो, "अम्मा, मी पुन्हा मोजतो."

"कैसे मापेगा? अंदर तो तू आज भी नहीं आ सकता." मग त्यांनीच विचारलं, "तेरे घर में औरत नहीं क्या?"

चिक्कडपल्लीला आमच्या दोन खोल्या होत्या. माझी बायको गावाहून येऊन वर्ष झालं होतं. तिला या शहरात कोणीच नव्हतं. भाजीवालीशी ती बोटांनी बोलायची. मी तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, मला फुटं कुठं कळतात? आणि त्यांची बोली?"

"साखळी तुला उचलणार नाही. दुसरं काहीतरी घे."

तिनं कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि पिशवीत टाकली.

तीन दिवस ती गेली. पहिल्या दिवशी मी तिला रिक्षातून नेऊन सोडलं आणि समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो. बाहेर आली तेव्हा दोरीवर गाठी होत्या. प्रत्येक खिडकीला एक गाठ. विहिरीला दोन गाठी आणि शिंपिणीकडून मागून आणलेली लाल चिंधी. चिंचेची सावली कुठून कुठपर्यंत, तिथं हिरव्या चिंध्या. दुपारची सावली आणि चारची सावली वेगळी, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी रात्री जेवायच्या आधी दोरी जमिनीवर पसरायचो, पट्टी लावायचो, ती सांगायची आणि मी काढायचो. कधी नव्हे ती मला दटावत होती.

"असं नव्हं. इथं दार उजवीकडं आहे. तुम्ही दोरी उलटी धरली."

"बरं."

"आणि चौथ्या घराचा उंबरा उंच आहे. त्या म्हाताऱ्या आज्जी तिथं बसतात, एकेक पाय हातानं उचलून पलीकडं ठेवतात, मग उठतात. ते कुठं काढणार?"

"उंबऱ्याला खूण नसते गं नकाशात."

"मग आज्जी कशी जाते ते तुमच्या साहेबाला कळणार कसं?"

मी उंबऱ्यासाठी एक खूण बनवली. छोटी आडवी रेघ, तिच्यावर टिंब. तिसऱ्या दिवशी ती परत आली आणि मी काहीतरी विचारलं, तर म्हणाली, "हौ." मग स्वतःच हसायला लागली. त्या हैदराबादी 'हौ'साठी मी त्या पाच घरांचा जन्माचा ऋणी आहे.

नवा नकाशा मी साहेबांपुढं ठेवला. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. कोणालाही उभं ठेवून बोलत नसत. आधी चहा मागवायचे. त्यांनी चष्मा पुसून नकाशा पाहिला, चौकटीशी थांबले. 'मोजणी' पुढं मी लिहिलं होतं: माझी पत्नी. तिचा अंगठाही घेतला होता.

"क्या मियाँ, बीवी कब से महकमे में आगई?"

"सर, ती आत गेली होती. मी गेलो नव्हतो."

"दोरी से नापे?"

"गाठींनी. मी पट्टी लावून पाहिलं, दोन्ही टोकं माझ्या जुन्या मोजणीला जुळतात."

साहेब बशीत चहा ओतून म्हणाले, "देखो, ये रास्ता किसी एक के लिए नहीं. आग लगी तो बंब जाएगा, बीमार जाएगा, बस जाएगी. पाँच घरों की औरतां एक खिड़की से दूसरी खिड़की जाते करके शहर को रोकना क्या?"

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि म्हणूनच मला राग आला. मी म्हणालो, "सर, शहर थांबवायला मी सांगत नाही. पण तिथं रस्ता आधीच आहे. आपण त्याच्यावरून दुसरा रस्ता नेतोय आणि पहिल्याला रिकामी जागा म्हणतोय. तो बायकांचा आहे म्हणून तो रस्ता नाही का? आजारी बाई त्याच रस्त्यानं दाईकडं जाते. लाल रेघ जरा उत्तरेला वाकवली तर भिंतीच्या बाहेरून जाते. मी काढून आणलीय."

"वाकडा रस्ता?"

"वाकडा, सर."

"लोगां हँसेंगे."

"हसू द्या."

साहेबांनी कप खाली ठेवला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, तुम तो नवंबर में चले जारें अपने मुलुक को. तुम्हारा क्या जाता? पुराने नक्शे की साफ प्रत बनाओ, दस्तखत करो, खुशी से जाओ. तुम्हारी सर्विस बुक में मैं अच्छा लिखता."

पक्की प्रत, म्हणजे कोरी जागा पुन्हा कोरी, आणि खाली माझी सही. मी माझ्या जागेवर येऊन बसलो. मेणकापडावरची जुनी प्रत समोर होती. त्या कापडावर काळी शाई एकदा बसली की निघत नाही. खरवडली तर भोक पडतं. मी गुरुजींच्या पेटीतली रेघा ओढायची लेखणी उघडली, शाई भरली, आणि त्या पांढऱ्या डागाच्या बरोबर मध्ये उर्दूत आणि इंग्रजीत लिहिलं: 'इथे मी आत गेलो नव्हतो. ही जागा रिकामी नाही.' खाली सही केली. घरी पाटीवर गिरवलेली, तीच. पण या वेळी ती चांगली आली नाही.

"असल कागज खराब कर दिया!" साहेब एकदाच ओरडले. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी खुलाशात लिहिलं की चूक माझी आहे, अदबीनं केलेली चूकही चूकच असते, आणि निमूटपणे सही करणं ही त्याहून मोठी चूक झाली असती.

शेजारचा कारकून, जो कानडी मुलखात निघाला होता, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाला, "काय मिळालं? तू गेलास की नवा माणूस येईल. तो बसून एका दिवसात कोरी प्रत करील."

तो टोमणा मारत होता, पण खरं बोलत होता. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खराब झालेला कागद बदलता येतो. बदलणारा माणूस तिथं बसला की झालं. मी गेलो, तर माझ्या जागी बसणाऱ्याला ती दोरी कोण दाखवणार?

त्या दुपारी मी माझा पसंतीचा कागद मागे घ्यायला गेलो. खिडकीतले बाबू म्हणाले, "अरे, सब मराठी लोगां उधर जारें, तुम कायकू इधर?" मी म्हणालो, काम अर्धं आहे. ते म्हणाले, काम सगळ्यांचंच अर्धं आहे. पण कागद बदलून दिला.

त्या मोहल्ल्याचं पुढं काय झालं, ते आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर गेला. माझ्या सर्विस बुकात 'हट्टी' या अर्थाचा एक शेरा पडला, तो निवृत्तीपर्यंत राहिला. बढती उशिरा झाली. पण खराब मेणकापडामुळे फाइल पुढं सरकेना. नव्या कचेरीनं फेरमोजणी मागितली, आणि फेरमोजणीला मीच होतो. माझी बायको पुन्हा आत गेली. या वेळी चौकटीत तिनं अंगठा दिला नाही. मधल्या महिन्यांत अम्मांच्या नातीनं तिला अक्षरं शिकवली होती. वाकडीतिकडी का होईना, सही केली. रस्ता उत्तरेला वाकला. आजही तिथं गेलात तर सरळ चाललेला रस्ता अचानक कुशीवर वळल्यासारखा वळतो. मागं एकदा रिक्षातून जाताना रिक्षावाला म्हणाला, "नक्शा बनानेवाला पीके बैठा था क्या मालूम." मी म्हणालो, "नहीं भाई, पहली बार होश में था."

पण हे सगळं नंतरचं. कागद बदलून आलो त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की गुरुजी वाट बघत आहेत आणि मी जाणार नाही. त्यांना नाही म्हणायची ती माझी पहिली वेळ. पत्र चार वेळा लिहिलं. कचेरीच्या सवयीनं शेवटच्या पत्राची प्रत ठेवली होती, ती तशीच उतरवतो.

गुरुजी,

नमस्कार. घरातून बायकोचा निरोप असतो तो याही वेळी आहे, तुमच्या खोकल्याला अडुळसा घ्यावा.

तुम्ही मला बोलावलंत. मी येणार नाही. हे आधी लिहितो, नाहीतर पत्राच्या शेवटापर्यंत धीर राहणार नाही.

ओढ्यावर पूल व्हायला हवा हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. त्या ओढ्यातून मी किती वेळा ओला होऊन शाळेत आलो ते तुम्ही पाहिलं आहे. पण इथं मी एक चूक केली आहे. एक वाट होती, ती मी कागदावर कोरी सोडली, कारण ती माझ्या चालण्याची नव्हती. आपल्या गावातही नकाशे झाले असतीलच. माझी वाट ज्यांनी काढली नाही, तेही सभ्य लोक असतील. त्यांनीही सही केली असेल. हे मनात आलं आणि मला झोप लागेना.

मला इथून काढतील असं दिसत नाही, पण चांगलंही लिहिणार नाहीत. त्याची मला भीती वाटत नाही. तुमची वाटते. तुम्ही म्हणाल, आपल्या माणसांना सोडून हा दुसऱ्यांच्या घरांत कशाला शिरला. गुरुजी, मी शिरलो नाही. माझी बायको शिरली, आणि ती त्यांना दुसरे म्हणत नाही.

तुम्ही मला सरळ रस्ता कधी शिकवला नाहीत. म्हणून तुमचं न ऐकण्याचं बळही तुमच्याकडूनच आलं आहे, असं मी धरतो. रागावलात तरी मी ते परत करणार नाही.

पुलासाठी माणूस हवा असेल तर आमच्या वसतिगृहातला एक मुलगा तिकडे येतो आहे. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याला ओढ्याकाठची वाट आधी पायी दाखवा, मग फळा द्या.

सोबत नकाशाची प्रत पाठवत आहे. दोरा लावून मोजून पाहा. उंबऱ्याची खूण मी स्वतः केली आहे, पुस्तकात नाही. चुकली असेल तर कळवा.

तुमचा विद्यार्थी